ऐकवायच्या बुटांची कानस

मित्रांनो, आधी हात जरा मागे घ्या. मुठीकडचे माझे दात झिजून गुळगुळीत झाले आहेत, पण टोकाकडे अजून एखाद्या बोटाची साल काढण्याइतकी खरखर शिल्लक आहे. मी कानस आहे, लोखंड घासायची. ओहायो नदीकाठच्या गार्नेट फेरी गावात, टिली मर्टाच्या स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या खणात मी असते. खालच्या खणापर्यंत लहान हात पोहोचतात, म्हणून वरच्या.

बाहेर मैदानावर एका लांब खांबाला एक निळं निशाण आहे. त्यावर 'विजेते, १९०७' असं शिवलेलं आहे. ते फाटत आलं आहे, तरी गावातली माणसं त्याच्याखालून जाताना मान वर करतात. टिली करत नाही. तिने एक वचन मागितलं होतं, ते मोडून ते निशाण आलं आहे. आणि ते मोडलं तेव्हा मी तिथे होते.

माझा जन्मच माराने झाला. शिशाच्या ठोकळ्यावर मला आडवं टाकलं आणि कारागिराने छिन्नी ठेवून हातोडा घातला. एक घाव, एक दात. असे शेकडो घाव. मग मीठ आणि बिअरच्या गाळाचा लेप फासून मला भट्टीत घातलं आणि लालभडक असतानाच पाण्यात बुडवलं. मी जी किंचाळले, तो आवाज अजून माझ्यात आहे. लोखंडावर मला ओढलं की तोच बाहेर येतो.

माझा पहिला मालक कॉर्मॅक मर्टा. तो ओतशाळेत कामाला होता. साच्यातून निघालेल्या चुलींच्या कडांना लोखंडाचे काटे राहायचे, ते मी घासून काढायची. बाया चुलीला हात लावतील, पोरं धरून उभी राहतील, कुणाला कापू नये, म्हणून. म्हणजे माझं पहिलं काम धार मोडण्याचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एके दिवशी वितळलेल्या लोखंडाची बादली साखळीवरून सुटली. कॉर्मॅक तिच्याखाली होता. त्याच्या मुलाला, फिंटनला, घरी न्यायला बापाचं फारसं काही उरलं नाही. बाकावर मी पडले होते, मुठीच्या लाकडात बापाच्या पंज्याचा खळगा होता. फिंटनने मला खिशात घातलं आणि ओतशाळेकडे पाठ फिरवली. त्याच्या पायांत वेग होता. गावाच्या बेसबॉल संघाने, ज्याला सगळे 'हातोडे' म्हणत, त्याला पगारावर घेतलं.

तुम्हाला हा खेळ ठाऊक नसेल तर एवढंच समजून घ्या. चेंडू टोलवायचा आणि पळायचं. मैदानावर चार ठिकाणं असतात, त्यांना बेस म्हणतात. एकेक गाठत शेवटच्या, म्हणजे घरच्या बेसला परत आलात की एक धाव. वाटेत चेंडू हातात घेतलेल्या माणसाने शिवलं की बाद. म्हणून पळणारा शेवटचं तीन हात अंतर पाय पुढे करून जमिनीवरून घसरत येतो, आणि समोरचा आपला पाय आडवा घालून त्याची वाट अडवतो. आता पळणाऱ्याच्या बुटांखाली काय असतं सांगू? पोलादाच्या पात्या.

त्या काळी सगळं मैदान सांभाळायला एकच अंपायर असे, आणि त्याला दोनच डोळे. त्याची पाठ वळली की कोपर बरगडीत जायचं, मूठ जबड्यावर बसायची. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तो कानशिलाच्या रोखाने फेकायचे. तो चेंडू मागे झेलणाऱ्या आमच्या कॅचरच्या उजव्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. रविवारी घरी गेल्यावर तो मोजून दाखवायचा, हे सिनसिनाटीच्या वाटेवरच्या गावात मोडलं, हे ब्लॉसवेलला, आणि हे बायकोने दार आपटलं तेव्हा.

फिंटनची युक्ती वेगळी होती. सामन्याआधी तो बाकाच्या पुढच्या कडेला बसायचा, समोरच्या संघाला नीट दिसेल असा. बूट मांडीवर उपडा ठेवायचा आणि मला त्याच्या पात्यांवरून ओढायचा. सावकाश. खर्र. थांबायचा. पुन्हा खर्र. मैदानाच्या पलीकडे माझी किंकाळी पोहोचायची आणि तिथली बडबड बंद पडायची. मग तो बाकामागे जाऊन बूट चढवून यायचा आणि हसत मैदानात उतरायचा.

गंमत अशी, की चढवायचा तो दुसराच जोड असे. त्याच्याकडे अगदी सारखे दिसणारे काळ्या बुटांचे दोन जोड होते.

टिली ही फिंटनची बायको. तिच्या भावाला, वेंडेल राशला, हे कळलं ते वसंतातल्या एका रविवारी. वेंडेल ब्लॉसवेलच्या संघात दुसऱ्या बेसवर खेळायचा. हंगामात दोन्ही संघ एकमेकांचे गळे धरायचे, पण रविवारी तो बहिणीकडे कोबी आणि खारवलेलं मांस खायला येई. दारामागे ठेवलेले बूट पाहून त्याने विचारलं, "दोन जोड कशाला रे?"

"एक पळायला," फिंटन म्हणाला, "आणि एक ऐकवायला."

वेंडेल इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे आख्खी लीग ज्याला घाबरते तो बूट तू पायात घालतच नाहीस?"

"त्यांना कुठे ठाऊक आहे?"

टिलीला हसू आलं नाही. पाच महिन्यांची लेक ऊना तिच्या कडेवर होती. तिने ऐकवायच्या बुटाच्या पातीवर टेबलावरचा पाव ठेवला आणि नुसता हलवला. पावाचा काप खाली पडला.

"रोज घासून घासून याचा वस्तरा झालाय," ती म्हणाली. "फिंटन, हे बूट घालून तू कधी मैदानात उतरणार नाहीस. कबूल कर."

"मी ते घालतच नाही, टिली."

"मग कबूल करायला काय जातं?"

"बरं. कबूल."

"वेंडेल, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. आता मी दुसऱ्या बेसवर खुर्ची टाकूनच बसतो."

निघताना टिलीने दोघांना पांढऱ्या सुती मोज्यांचे जोड दिले. संघाचे मोजे रंगीत असत, आणि तो रंग जखमेत उतरला की रक्त नासतं असं तिने ऐकलं होतं. "आत हे घालायचे," ती म्हणाली. "दोघांनीही. मला तोंडं नकोत करून दाखवायला."

मित्रांनो, तो हंगाम असा सुरू झाला. मी खोटं बोलणार नाही, त्या दिवसांत मला अभिमान वाटायचा. मे महिन्यात एका संघाचा कोवळा खेळाडू फिंटन घसरत येताना पाहून असा बाजूला उडाला की पडून स्वतःचाच घोटा मोडून बसला. फिंटनच्या बुटाचा त्याला स्पर्शही झाला नव्हता. लोक बाकावर नाचले. 'कानस! कानस!' असं माझं नाव चार हजार तोंडांतून आलं. ओतशाळेत बारा वर्षांत मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. तो पोरगा घोटा धरून रडत होता, हे मी पाहिलं. पण मी नुसती आवाज करते, असं मी स्वतःला सांगितलं.

जुलैत ब्लॉसवेलला आम्ही जिंकलो तेव्हा सोड्याच्या बाटल्यांचा पाऊस पडला. अंपायरचं कपाळ फुटलं. आमच्या पिचरने कठड्यावर चढून एका माणसाला कॉलर धरून खाली ओढलं आणि त्याच्या तोंडावर गुडघा घातला, मग त्या माणसाच्या तीन भावांनी पिचरला आडवा केला. फिंटनचे दोन दात त्या दिवशी गेले. स्टेशनपर्यंत आम्ही दगड खात आलो. गाडीत सगळे रक्ताळलेल्या तोंडांनी गात होते.

त्या मारामारीत वेंडेलने फिंटनला मागून धरून ठेवलं होतं. "थांब लेका," तो कानाशी म्हणत होता, "टिली माझा जीव घेईल." फिंटनने घरी हे सांगितलं. दात गेल्याचं मात्र दारावर आपटलो म्हणून सांगितलं. टिलीने मिठाच्या पाण्याचा पेला पुढे ठेवला.

ऑक्टोबरात दोन संघांची बरोबरी झाली, हातोडे आणि ब्लॉसवेल. निशाणासाठी एकच सामना उरला, आमच्या मैदानावर. गिरणी, ओतशाळा, शाळा, सगळं बंद. माणसं छपरांवर बसली. टिलीही आली, ऊनाला शालीत गुंडाळून. नवऱ्याचा सामना पाहायला नव्हे. नवरा आणि भाऊ दोघे दोन पायांवर घरी येतात की नाही, ते पाहायला.

फिंटनने नेहमीप्रमाणे मला ओढलं. समोरच्या बाकावरची तोंडं उतरली. एकटा वेंडेल पाय लांब करून बसला होता आणि तालावर मान हलवत होता.

तो खेळ नव्हता. पहिल्याच डावात आमच्या एका माणसाच्या कानावर चेंडू बसला, त्याला झोळीत घालून नेलं. त्याचा सूड म्हणून आमच्या पिचरने त्यांच्या दोघांच्या बरगड्या फोडल्या. सातव्या डावात फिंटन घरच्या बेसवर घसरला तेव्हा त्यांच्या कॅचरने आख्खं अंग त्याच्यावर टाकलं. धाव झाली, दोन-दोन अशी बरोबरी झाली, पण फिंटनच्या उजव्या बुटाची पाती कातड्यासकट उखडून आली. आठव्यात तो तसाच लंगडत खेळला. नववा डाव आला. फलंदाजी आमची होती.

संघाचा चालक होबार्ट स्लोकम बुटाकडे पाहत म्हणाला, "याने पळणार तू?"

"दुसरा जोड कुणाचा बसत नाही मला."

"बाकाखाली तुझाच आहे की. ते काय शोभेला ठेवलेत?"

ते शोभेलाच ठेवले होते. त्याने बूट बाहेर काढले. पात्यांवर ऊन चमकलं. मग त्याने मला हातात घेतलं.

मित्रांनो, आता नीट ऐका. त्या धारेवर मला चार वेळा आडवं ओढलं असतं तर धार मोडली असती. एक मिनिट लागलं असतं. तेच तर माझं पहिलं काम होतं. त्याच्या बोटांची पकड मला कळली, त्याने मला आडवंच धरलं होतं. मग त्याने मान वर केली. समोरचा सगळा बाक त्याच्याकडे बघत होता. बूट बोथट करताना त्यांनी पाहिलं असतं, तर हंगामभराची भीती त्या मिनिटात फुटली असती.

"मर्टा, येतोस की नाही?" अंपायर ओरडला.

"जपून घसरेन," फिंटन पुटपुटला. कुणाला म्हणाला ठाऊक नाही. त्याने मला खाली ठेवलं आणि नाड्या आवळल्या.

त्यांच्या पिचरने पहिलाच चेंडू त्याच्या छातीत मारला. त्याबद्दल नियमाप्रमाणे त्याला पहिला बेस फुकट मिळाला. क्षणभर तो तिथे गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, श्वास येत नव्हता. मग पिचरने पुढचा चेंडू टाकला आणि तो टोलवला जायची वाट न बघता फिंटन दुसऱ्या बेसकडे सुटला.

कॅचरने चेंडू फेकला. वेंडेलने तो झेलला आणि वाटेत पाय आडवा रोवून उभा राहिला. दुसरा कुणीही बाजूला झाला असता. वर्षभर सगळे होत आले होते. तो झाला नाही. तो हसत होता.

फिंटनने शेवटच्या क्षणी पाय वळवायला पाहिलं की नाही, ते मला बाकावरून दिसलं नाही. त्यालाही ते आजवर सांगता आलेलं नाही. धूळ उडाली आणि कापड टरकल्यासारखा आवाज आला. तो आवाज माझा नव्हता, पण ती धार माझी होती.

वेंडेलच्या हातून चेंडू सुटून लांब गेला. फिंटन उठला. त्याने खाली पाहिलं. स्लोकम बाकावरून ओरडत होता, "पळ! पळ!" चार हजार माणसं तेच ओरडत होती. आणि मित्रांनो, तो पळाला. तिसरा बेस, मग घरचा. घरच्या पांढऱ्या बेसवर त्याने पाय टेकला तिथे तीन बारीक लाल रेघा उमटल्या.

तीन-दोन. त्यांचा शेवटचा डाव आधीच झाला होता, निशाण आमचं झालं.

मग माणसं कठडे मोडून आत शिरली. ब्लॉसवेलचे खेळाडू बॅटी घेऊन धावले. अंपायरला कुणीतरी बाकाच्या फळीने हाणलं. एकाचा हात माझ्यासमोर बुटांखाली चिरडला गेला. त्या गर्दीत वेंडेल दुसऱ्या बेसवर ताठ बसला होता, दोन्ही हातांनी नडगी धरून, जणू पकड सोडली तर पाय निघून जाईल. त्यांचा एक म्हातारा खेळाडू चघळलेला तंबाखू जखमेत भरायला वाकला. खेळाडूंचं ते जुनं औषध.

त्याचा हात टिलीने झटकला. ऊनाला शेजारणीकडे देऊन ती त्या हाणामारीतून कशी आली कोण जाणे, तिच्याही ओठातून रक्त येत होतं. तिने वेंडेलचा तपकिरी मोजा टराटरा फाडला. आत पांढरा होता. म्हणजे होता पांढरा. तिने आपली शाल आवळून बांधली.

फिंटन धावत आला आणि समोर थांबला. टिलीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी छायाचित्र काढायचं होतं. सगळा संघ कोट घालून ओळीत बसला. छायाचित्रकार म्हणाला, "मर्टासाहेब, ती कानस घ्या की हातात. तिच्याशिवाय काय मजा?" फिंटनने मला घेतलं. त्याचा हात थरथरत होता, म्हणून त्या चित्रात बाकी सगळे स्पष्ट आहेत आणि मी तेवढी पुसट.

वेंडेलला टिलीने आपल्या घरात, पुढच्या खोलीत ठेवलं. अकरा दिवस तो तापात बरळत होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तीन चिरा होत्या, त्यांतली एक शिरेपर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाले, आत पांढरा मोजा नसता तर पाय कापावा लागला असता. पाय राहील. चाल राहणार नाही, खेळ तर नाहीच.

बाराव्या दिवशी ताप उतरला. फिंटन दारात उभा होता, टोपी हातात चुरगळत.

"वेंडेल, मी..."

"खुर्ची आणायची राहिली," वेंडेल म्हणाला.

कुणी हसलं नाही. तो स्वतःही नाही. मग तो म्हणाला, "मला ठाऊक होतं ना ते नाटक आहे, म्हणून मी हललो नाही. मला ठाऊक नसतं, तर माझा पाय धड असता."

टिली स्वयंपाकघरात गेली. ऐकवायचे बूट तिने टेबलावर आपटले, जेवणाच्या टेबलावर, आणि मला त्यांच्याशेजारी ठेवलं. "मोड धार," ती म्हणाली. "इथे बस आणि मोड. त्याला ऐकू येऊ दे."

फिंटन बसला. दुपारपर्यंत तो मला ओढत होता. पात्या बोटभर होत्या त्या नखाएवढ्या झाल्या, मग तेवढ्याही उरल्या नाहीत. माझे मुठीकडचे दात त्या दिवशी गेले. मग टिलीने मला पुसून वरच्या खणात टाकलं.

पुढच्या हंगामात फिंटन बाकावर नुसताच बसायचा. किंकाळी नाही, तर भीती नाही. समोरचे खुशाल पाय रोवून उभे राहायचे आणि तो बाद व्हायचा. जूनमध्ये स्लोकमने त्याला काढलं. ज्यांनी माझं नाव घेऊन घसे फोडले होते, तेच लोक त्याला बघून खर्र असा आवाज काढायचे. तो ओतशाळेत परत गेला, बापाच्याच बाकावर. तिथे त्याला नवी कानस मिळाली. माझ्यावर गंज चढला. दोन हिवाळे मला कुणी हात लावला नाही.

वेंडेल त्यांच्याकडेच राहिला. तो काठीवर चालायला शिकला त्याच हिवाळ्यात ऊना चालायला शिकली, त्याच काठीला धरून. दोघं एकदमच पडायची. काठीच्या टोकाला लोखंडी टोपण आहे. रस्त्यावर आपटून त्याला काटे येतात, आणि एकदा त्यातला एक ऊनाच्या तळव्यात घुसला. त्या संध्याकाळी टिलीने खण उघडला, मला बाहेर काढलं आणि फिंटनच्या पुढ्यात ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की फिंटन मला घेऊन बसतो. मी पहिल्यांदा ओरडते तेव्हा वेंडेलचं बोलणं अजून अर्ध्यावर तुटतं आणि त्याचा हात नडगीवर जातो. मग ऊना सगळ्या घराला सांगते, "शू, मामाच्या काठीची नखं कापताहेत." आणि वेंडेल पुन्हा बोलू लागतो. घासून झालं की फिंटन त्या टोकावरून आधी स्वतःचा अंगठा फिरवतो, मग गाल, आणि मगच काठी ऊनाच्या हातात देतो, मामाला नेऊन द्यायला.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, आणि खेळायला घेऊ नका. दोन्ही सांगते. कुणी नुसतं घाबरवायला म्हणून धार लावत बसलं असेल, तर तिथे हसत बसू नका. घाबरवायला लावलेली धार खरीच असते. आणि ती वस्तू तुमच्याच हातात असली, सगळे तुमच्याकडे बघत असले, तरी जरा थांबा. धार मोडायला एक मिनिट पुरतं. मला ते नेमकं ठाऊक आहे, कारण त्या दिवशी ते एक मिनिट आमच्याजवळ होतं.